रुसव्यांची पोथी

तुर्भ्याच्या सातारकर मंडळात गणपतीला नाटुकली लिहिणारी राजेश्वरी आता टीव्हीची मालिका लिहिणार, ही बातमी तिच्या नवऱ्याने, रणजीतने, वाशीच्या भाजी मार्केटात गाळ्यागाळ्यावर सांगून टाकली होती. ठरलं मात्र काहीच नव्हतं. नव्वदचं दशक सरत आलेलं. नव्या वाहिनीला मराठी मालिका हव्या होत्या, पण ही बाई एकटी वर्षभर कशी पुरी पडणार, याची वाहिनीवाल्यांना धास्ती होती.

निर्माता सुभाषने अट घातली. मालिकेतल्या माणसांची सारी हकीकत एका ठिकाणी लिहायची, अशी की ती वाचून दुसऱ्या कुणालाही भाग लिहिता यावा. टीव्हीवाले त्याला बायबल म्हणत. राजेश्वरीच्या घरात त्याची पोथी झाली.

तिने मन लावून लिहिलं. थोरली जाऊ आक्का : कष्टाळू, मायाळू, मानी. सुभाषने ती पोथी उरणच्या फराज नावाच्या लेखकाला दिली. त्याने लिहून आणलेली आक्का पानोपान रडत होती. ती कुणाच्याही घरची आक्का असू शकली असती. सुभाष म्हणाला, आणखी एकदा बघू, नाहीतर दुसरी मालिका घेऊ.

घरी सासू, वेणूबाई, शेंगा फोडत गावाकडच्या एका लग्नाची गोष्ट सांगत होत्या. पाहुण्यांची ओळख त्या एकाच तऱ्हेने देत होत्या. हा टोपी हलकी मिळाली म्हणून मांडवाबाहेर बसलेला, ती हळदीला उशिरा बोलावलं म्हणून न जेवता गेलेली. राजेश्वरीचा हात शेंगांवर थांबला. आपल्याकडे माणूस ओळखतात तो त्याच्या रुसव्यावरून.

मग तिने पोथी नव्याने मांडली. कोण कशावर रुसतं, रुसून कुठे बसतं, कशाने उठतं. आक्का मान चुकला की गॅलरीत जाऊन बसते. समजूत काढली तर जास्तच घट्ट होते. काम निघालं की उठते.

वेणूबाईंनी ऐकून घेतलं. "माझाच रुसवा टीव्हीवर घालतीस व्हय गं?"

"तुमचा न्हाई, आत्याबाई. तुमचा एका भागात मावायचा न्हाई."

फराजने पुन्हा भाग लिहिला. वाशीच्या ऑफिसात सुभाष तो वाचू लागला, वाहिनीच्या बाई ऐकत होत्या. नव्या घराच्या वास्तुशांतीत कलश धाकट्या जावेच्या हाती दिला गेला आणि आक्का गॅलरीत जाऊन बसली. सगळे मिनतवाऱ्या करून थकले. शेवटी धाकटी दारातून म्हणाली, "आक्का, पुरण सैल झालंय. पोळ्या फुटतायत." आक्का पदर खोचत उठली. म्हणाली, "सरक."

बाईंनी पोथी चाळली. हे 'सरक' कुठे लिहिलंय, त्यांनी विचारलं.

"त्यात नाही," फराज म्हणाला. "पण आक्का दुसरं काय बोलणार?"

राजेश्वरी ताठ बसून होती. तिने घडवलेली बाई परक्याच्या लेखणीतून, तिच्याच ठसक्यात बोलली होती. आता ती कुणाच्याही हातात सुखरूप होती.

बाईंनी मंजुरी दिली, आणि जाता जाता विचारलं, एवढी माणसं वर्षभर पुरतील ना?

"रुसतायत तोवर पुरतील," राजेश्वरी म्हणाली.