खोडलेलं नाव

ऑड्री पेनफोल्डने आमच्या लंडनच्या विज्ञान मासिकात एकतीस वर्षं लोकांचे लेख तपासले. निळ्या पेन्सिलीने. आकडा चुकला की ती लेखकाला भर कचेरीत फैलावर घ्यायची. "कॉलिन, शून्यं फुकट मिळतात म्हणून वाटेल तितकी लावू नकोस," हे मी कितीदा ऐकलं असेल! खोटं एक अक्षर छापू द्यायचं नाही, एवढाच तिचा धर्म.

२००६च्या हिवाळ्यात मी कानात घालायच्या थेंबांवर लेख लिहिला. मळ काढणारे, दुकानात कुणालाही मिळणारे थेंब. त्यांतल्या एकाने ऐकू येणं कमी होतं, असं दोन चाचण्यांत दिसलं होतं. मी नावानिशी लिहिलं. आमच्या वकिलाने वाचून नकारार्थी मान हलवली.

"कंपनीने बदनामीचा दावा लावला तर शब्द न् शब्द तुम्हीच सिद्ध करायचा. त्यांनी काहीच नाही. जिंकलात तरी खर्चाने मासिक बुडेल."

ऑड्रीने नाव खोडून वर लिहिलं, 'बाजारातले काही थेंब'. मग माझ्याकडे पाहिलं. मी भांडायला हवं होतं. "वाक्य सुटसुटीत झालं की," मी म्हणालो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

पंधरा दिवसांनी ग्रिम्स्बीहून मिसेस ट्रान्टर यांचं पत्र आलं. त्यांचे यजमान आल्फ रोज थेंब वापरत. बाटलीवरचं नाव बाईंनी नीट उतरवून दिलं होतं. 'त्या काही थेंबांत हे येतात का? हो की नाही, एवढंच कळवा.'

ते तेच थेंब होते.

"एवढा एक 'हो' लिहिते," ऑड्री म्हणाली.

"पत्रातला 'हो'सुद्धा छापल्यासारखाच, वकिलाने सांगितलंय ना? नसतं लचांड कशाला?" हे मी म्हणालो. वकील नव्हे, मी.

तिने छापील कार्ड पाठवलं. 'विशिष्ट औषधाबद्दल आम्हाला सांगता येत नाही. डॉक्टरांना भेटा.'

मे महिन्यात दुसरं पत्र आलं. 'तत्पर उत्तराबद्दल आभार. आल्फला आता अजिबात ऐकू येत नाही. तुमचं मासिक मात्र तो आवडीने वाचतो.' बाईंनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शनिवारी आम्ही दोघं ग्रिम्स्बीला गेलो.

"अहो, एवढ्या लांबून आलात!" मिसेस ट्रान्टरनी चहा दिला, पावाला लोणी लावून दिलं. मग हळूच विचारलं, "थेंब मीच घालायचे हो, माझ्या हाताने. तेच होते का ते?"

मी गालिच्याकडे पाहत बसलो. ऑड्रीने कप ओठाला लावला. "जाऊ दे. पाणी गरम करून आणते," म्हणून बाई आत गेल्या.

तेव्हा ऑड्री उठून आल्फच्या खुर्चीपाशी गेली आणि तिने ते नाव स्पष्ट उच्चारलं. "तेच होते, मिस्टर ट्रान्टर. आम्हाला माहीत होतं."

तो हसला, कानाकडे बोट दाखवलं आणि वही-पेन्सिल पुढे केली. "लिहून द्या, बाई."

पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकलेली होती. मग तिने लिहिलं, 'चहा छान आहे.'

"तिचा चहा छानच असतो," आल्फ म्हणाला.

ऑड्रीने त्याच महिन्यात नोकरी सोडली. मी अजून लिहितो. आताही बघा, सगळं सांगितलं, पण त्या थेंबांचं नाव काही मी घेतलेलं नाही.