लेपाखालचा पाय

सहावा महिना लागला होता आणि भाताची आवणी अर्धी उरली होती. पोटुशी बाईनं चिखलात उतरू नये असं सगळे म्हणतात आणि म्हणता म्हणताच हातात रोपांची जुडी देतात. मला कुणी दिली नव्हती. मीच घेतली. बांधावर बसून बाकीच्या बायकांच्या गप्पा नुसत्या ऐकायच्या, हे माझ्यानं व्हायचं नाही.

चार दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. त्या सगळ्यांनाच होतात. चिखल्यांना आजार म्हणायची आमच्या सापगावात पद्धत नाही. मग उजवा पाय घोट्यापासून सुजला. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशीचं पाय सुजतातच गो. माझं तं दोनी सुजलेलं."

"आई, माझा एकच सुजलाय."

"दुसरा सुजंल उद्या."

सासूबाई मायाळू, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा भलतंच धरून बसेल. दिवसभर आवणी करून त्यांची कंबर सरळ होत नव्हती, तरी माझ्या पायाशी बसून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत हळद-चुन्याचा गरम लेप लावायच्या. वाळला की दुसरा. हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं माझा पाय तीन दिवस लालभडक होता आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

मग हुडहुडी भरून ताप आला. पाय असा ठणकायचा की गोधडीचा काठ लागला तरी मी ओरडायचे. नवरा म्हणाला, "तू जरा जास्तच करतेस." हल्ली त्याला याची आठवण करून दिली की तो गुरांना पाणी दाखवायला उठतो.

चौथ्या दिवशी आशाताई गरोदर बायकांच्या गोळ्या वाटत घरी आल्या. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि चहासुद्धा न घेता नवऱ्याला गाडी बघायला पिटाळलं.

शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हा लालपणा कधीपासून?"

"त्यो लेप हाय," सासूबाई म्हणाल्या.

नर्सनं ओल्या कापसानं लेप पुसला. कापूस लाल झाला आणि पायही लालच राहिला. नडगीवर मोठा फोड होता, त्याच्या बाजूला जांभळट काळा डाग. डॉक्टरीणबाईंनी लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत लाली रेघेच्या वर दोन बोटं चढली होती. सासूबाई एकटक तिकडंच बघत होत्या.

मोठ्या दवाखान्यात सांगितलं, कातडीखालचं मांस सडतंय, आत्ताच्या आत्ता कापून काढावं लागेल. नाही कापलं तर आईही जाईल आणि बाळही. कापलं तरी बाळाचं काही सांगता येत नाही. नवऱ्यानं सही केली. मी भयंकर घाबरले होते, आणि डोक्यात काय यावं, तर उरलेली आवणी कोण करणार! मेलं मन असंच असतं.

शुद्धीवर आले तेव्हा पाय होता. पोटही होतं. पण पोटातलं हलत नव्हतं. नर्स यंत्र लावून ठोके ऐकवायची. "चालू आहेत बघा ताई." असतील चालू. मला यंत्राचं काय करायचं होतं? एक दिवस गेला, दुसरा गेला. मी रडले, भांडले, त्या बिचारीला नको नको ते बोलले.

सासूबाई खाटेपासून लांब, भिंतीला टेकून बसायच्या. मला हात लावायच्या नाहीत. पाणीसुद्धा नवऱ्याच्या हातून द्यायच्या. तिसऱ्या दिवशी माझं टाळकं फिरलं.

"आई, मला काय विटाळ झालाय का? या इकडं."

"नको गो. माझा हातच वाईट."

मी त्यांचा हात ओढला आणि पोटावर दाबून धरला. काढू दिला नाही. शेजारच्या खाटेवरची बाई केळं खात आमच्याकडं बघत होती.

आणि पोटातून लाथ बसली. बरोबर त्यांच्या तळहातावर.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. आता मी धरलेलं नव्हतं, तरी त्यांनी हात काढला नाही.

"मारतंय गो मला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा बांध फुटला. "मार बाबा. मार अजून."