माहेरघरात धानाचे कट्टे

आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यामागे एक कौलारू इमारत आहे. आधी तिथे महारोग्यांना ठेवायचे. मग नसबंदीची शिबिरं झाली. माझ्या आईला तिथेच आणखी बायांसोबत ओळीनं फरशीवर निजवलं होतं. निवडणुकीत बंदोबस्तवाले उतरायचे आणि खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांनी कोपरे रंगवून जायचे. कोरोनात बाहेरून आलेल्या मजुरांना कोंडलं. शेवटी पाटी लागली, माहेरघर. नाल्यापलीकडच्या गावांतल्या बाईनं दिवस भरत आले की पाणी चढायच्या आत इथे यायचं, सोबत घरचं एक माणूस आणि तांदूळ आणायचे, बाळंत होऊनच परत जायचं.

आमचं गाव नाल्यापलीकडेच. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मागच्या हिवाळ्यात मी काय केलं ते सांगतो.

अवकाळी आला. खरेदी केंद्रावरचं धान उघड्यावर फुगायला लागलं आणि माहेरघर रिकामं दिसलं. मी पत्रक काढलं : ‘इमारत रिकामी, शेतकऱ्याचं धान पाण्यात, साहेबांना लाज वाटते का?’ तहसीलसमोर बसलो. तिसऱ्या दिवशी कुलूप उघडलं, धानाच्या पोत्यांचे कट्टे आत गेले, आम्ही हार घालून घेतले. पावसाळ्यात बाया कुठे राहतील, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. आमच्या बैठकीला बाई नसतेच. चहा तेवढा त्यांच्या हातचा येतो.

जुलैत, बाळंतपणाला माहेरी आलेल्या मोठ्या बहिणीला घेऊन आई तिथे पोचली. मलाही बोलावून घेतलं. बहिणीला नववा लागला होता. तिचं पहिलं मूल नाल्याच्या काठावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेलं होतं.

दाराला धान खरेदीवाल्या सोसायटीचं कुलूप. सिस्टर म्हणाली, “तुमचेच कट्टे हायेत न भाऊ. तुमीच काढा.”

सोसायटीच्या माणसानं कुरकुरत चावी आणली. दार उघडलं आणि आंबलेल्या धानाचा, उंदराच्या मुताचा भपकारा तोंडावर आला. खाटांवर छतापर्यंत कट्टे. एका फाटक्या गादीत उंदराची गुलाबी पिल्लं वळवळत होती.

आई वाकून बघत म्हणाली, “ह्या उंदरीचं बाळंतपण बरं झालं इथी. बिनबोभाट.”

“मिलवाले उचलत नाईत, मी काय करू?” सोसायटीचा माणूस माझ्याकडे वळला. “बाहेर ठेवलं अन् भिजलं तर तूच पत्रक काढशील.”

“काढू दे न,” बहीण म्हणाली. “त्याले दुसरं काम काय हाय?”

मी आंदोलनातल्या लोकांना फोन लावले. तहसीलसमोर घसे फोडणारे हेच लोक. एकानं सांगितलं, “बापू, धान आपलं हाय. पावसात कसं काढतो?” दुसरा बांधीत धानाच्या रोवणीला चालला होता. बाकीच्यांनी उचललाच नाही. मला त्यांची शिसारी आली. पण शब्द माझेच होते, त्यांनी फक्त ते पाठ केले होते.

आई म्हणाली, “चाल, घरी जाऊ. पाणी चढाच्या आंदी.”

बहीण पायरीवर बसली. “मी ट्रॉलीत नाई बसत आता. इथीच राह्यतो.”

सोसायटीच्या माणसानं कागद पुढे केला : धान भिजल्यास जबाबदारी माझी. मी सही केली. मग मी आणि त्यानं कट्टे ओढून एक खाट मोकळी केली, व्हरांडा भरला. सिस्टरनं दोनदा फिनाईल टाकलं. वास हलला नाही. बहीण नाकाला पदर लावून खाटेवर टेकली.

तेवढ्यात फाटकातून आणखी एक बाई आली, पोट सावरत, मागे सासू, तिच्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं. दोघी दारातच थबकल्या. आत मोकळी खाट एकच.

“ये न बाई, बस,” बहीण सरकली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू उभा काऊन राह्यला? उचल.”

मी कट्टा पाठीवर घेतला. व्हरांड्यात जागा नव्हती. पुढे चिखलाचं आवार होतं आणि पाऊस.