खोडलेली बोगी

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले तीच त्यांवर. त्यामुळे निवेदन लिहायचं म्हटलं की माझ्या अंगात येतं.

गेल्या पावसाळ्यात कारणही तसंच होतं. आमची शेजारीण, मूळची कडावची मावशी, करटोल्यांची टोपली घेऊन आठवड्यात दोनदा फलाटावरच राहिली. मालाचा डबा नेमका कुठे येतो, याची खूणच नव्हती. पावसात गाडी उभी राहीपर्यंत काही दिसायचं नाही, आणि डबा सापडेपर्यंत ती निघालेली असायची. अशात उद्याच रेल्वेचे साहेब स्टेशनच्या पाहणीला येणार असं कळलं. मी लिहिलं, ‘मालाच्या बोगीवर कष्टकऱ्यांचा हक्क आहे!’ चाळीस प्रती काढल्या.

आमच्या आळीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर आजोबा आहेत. त्यांची सही पडल्याशिवाय रेल्वेच्या कागदावर कुणी सही करत नाही. आजोबांनी चष्मा लावला आणि कागद परत दिला.

“बोगी मंजे काय, ठाव हाय का गं?”

“डबा.”

“डबा वर. खाली चाकांची चौकट आसते, ती बोगी. जल्मभर ग्रीस लावलंय मी तिला. मावशीला काय चाकांत बसवतेस?”

मी तापले. म्हटलं, “शब्दाचा अर्थ कारखाना ठरवत नाही, जनता ठरवते!”

“मंग इचार जनतेला.”

जनता ओट्यावर मिरच्या निवडत होती. “मावशी, तू गाडीत कशात चढतेस?”

“चढते कुटं? म्हनून तर कागद केलास ना! आन सरळ डबा म्हन की. बोगीबिगी तुमी शिकलेल्यांची.”

जनतेने निकाल दिला होता. चाळीस कागदांवर मावशी ‘बोगी’ खोडत गेली आणि मी वर ‘डबा’ लिहीत गेले. तिच्या हाताला असा जोर चढला की तीन-चार कागदांवर कष्टकऱ्यांचा हक्कही गेला. पण आजोबांनी सही ठोकली, मग साऱ्या आळीने.

दुसऱ्या दिवशी फलाटावर साहेबांनी कागद उलटसुलट केला. “हे कोणत्या कोचविषयी आहे?”

मी छाती भरून श्वास घेतला, तेवढ्यात गाडी शिरली. मावशी टोपली घेऊन धावत सुटली, साहेब तिच्यामागे, मी साहेबांच्या मागे. या वेळी ती चढली. दारातून ओरडली, “सायब, ह्योच डबा! हितंच खून करा! पाय हलवू नका!”

साहेब खरंच हलले नाहीत. फलाटावर खूण करायला रंग येईपर्यंत भिजत तिथेच उभे राहिले. मी विचारलं, “निवेदन वाचून दाखवू?”

“नको,” ते म्हणाले, “कळलं.”