हिराजीभाऊंचा जोड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, दर खंडेनवमीला माझे डोळे भरतात ते एका जुन्या सोबत्याच्या आठवणीने. आठवण आहेच — पण नुसती आठवण नाही.

न्हावा शेव्याच्या एका यार्डात आम्ही क्रेनची कंट्रोल सिस्टीम बसवत होतो. मी सॉफ्टवेअरवाला. हिराजीभाऊ वायरमन; उरणकडचे, मिठागरवाल्या घरातले, माझ्या वडिलांच्या वयाचे. क्रेनवरचे सगळे कंट्रोलर एकाच केबलवरून एकमेकांशी बोलतात. आलेला प्रत्येक बिट, म्हणजे संदेशाचा एकेक तुकडा, नेमका कुठल्या क्षणी वाचायचा, हे मी ठरवायचं. फार लवकर वाचला, तर लांबच्या टोकाचा सिग्नल अजून पोचलेलाच नसतो. एवढी साधी गोष्ट.

आणि मी काय केलं? जुन्या कामातले आकडे उचलून तसेच टाकले. वाचायचा क्षण बिटाच्या वेळेच्या साठ टक्क्यांवर. ऑफिसात, टेबलावर, दोन मीटर केबलवर सगळं झकास चाललं. क्रेनवर केबल साठ मीटर होती. कंटेनर उचलून क्रेन मध्येच थांबायची.

सगळ्यांनी बोट दाखवलं ते हिराजीभाऊंनी केलेल्या केबलच्या जोडांकडे. खारी हवा आणि वायरमनची हयगय, दुसरं काय असणार? हिराजीभाऊंनी एकेक जोड उघडून दाखवला. "सायेब, माजा जोड कच्चा न्हाय," मलाच म्हणाले, कारण तिथे त्यांचं ऐकून घेणारा मी एकटाच होतो. मला तोवर कळलं होतं. तो आकडा मला आदल्या दिवशीच दिसला होता. मग बोललो का नाही? — बढती दारात उभी होती. मूग गिळून बसलो.

त्यांना कामावरून काढलं. दुसऱ्या वायरमनने नवी केबल टाकली, आणि त्याच दुपारी मी गुपचूप साठ टक्क्यांचे ऐंशी टक्के केले. क्रेन पुन्हा कधी थांबली नाही. श्रेय नव्या केबलला गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना — तो चोर मी, आणि बढतीचे पेढे वाटणाराही मीच.

इथवरच असतं, तर कधीतरी धीर करून सांगितलंही असतं. पण महिन्याभराने ते घरी आले, आपली पक्कड घेऊन. "नव्या केबलीवर चालली, म्हंजे चूक माजीच व्हती, सायेब. हात गेला माजा. ही तुमीच ठेवा. तुमी येकट्यानंच माजं आयकून घेतलं."

मी — मी ती घेतली. त्यांना चहा पाजला. त्यानंतर त्यांनी घरातला साधा बल्बसुद्धा बदलला नाही. हे त्यांच्या मुलीने मला सांगितलं, त्यांच्या दहाव्याला.

खंडेनवमीला बायको ती पक्कड पुसून पूजेत मांडते, तिच्यावर झेंडूचं फूल ठेवते. मी नमस्कार करतो. हिराजीभाऊंचे जोड पक्के होते. सगळेच्या सगळे.