चुनखडीतला समुद्र

भिलाईत त्या वर्षांत सारा देश लोखंड करायला आला होता. समुद्र शोधायला आलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या क्वार्टरात राहत होता. आमच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना भाऊ म्हणत. खाणीतून वॅगनी भरभरून चुनखडी यायची. भट्टीत लोखंडाचा मळ काढायला ती लागते, आणि तिच्यात रेती-माती किती, हे तपासणं आमचं काम. भाऊ ते चोख करत. पण तपासलेला दगड फेकून देणं त्यांच्या जिवावर येई. ते तो धूत, उन्हात धरत, भिंगातून बघत आणि मुलगा पसंत न पडलेल्या मुलीच्या बापासारखं तोंड करून खाली ठेवत. हा दगड म्हणजे उथळ समुद्राचा तळ, आणि उथळ समुद्र म्हटला की शिंपल्यांची वस्ती आलीच, असा त्यांचा ठाम हिशेब होता.

नागपुरात मास्तर असताना त्यांनी नर्मदेच्या खोऱ्यातून शिंपल्यांनी गच्च भरलेला एक दगड आणला होता. घरी आलेल्या पाहुण्याच्या हाती आधी तो दगड पडे, मग चहा. शिंपल्याचं पिल्लू पाण्यात वाहत येतं, जुन्या शिंपल्याची पाठ सापडली की जन्मभर तिथंच चिकटतं, आणि मेलेल्यांच्या पाठीवर जिवंत असे थर चढून पाण्याखाली बांध उभा राहतो, हे ते स्वतः पाहून आल्यासारखं सांगत. एकेका शिंपल्याचा पंचनामा करत. दोन्ही झाकणं मिटलेली असली तर जिवंतपणीच गाळात गाडला गेला. सुटी, उपडी असली तर मेल्यावर लाटांनी लोळवला. एका बारशाला तर त्यांनी यजमानांचा पाटा उलटा करून भिंग लावलं आणि चटणी तशीच राहिली. यजमानीणबाई नंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या.

खाणीवरच्या भूगर्भवाल्या साहेबांनी त्यांना एकदा नीट समजावलं. समुद्र होता हे खरं, पण फार फार जुना. शिंपलेवाला जीव जगात यायच्याही आधीचा. दगडात कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, ते बुळबुळीत शेवाळी थरांनी केलेले. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "साहेब शिकेल मानूस हाय, पन त्यानं सारे दगड थोडीच पाह्यले?"

त्यांचं ऐकून घेणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे वहिनी. वैनगंगेकाठची बाई. हृदयाच्या दुखण्यानं व्हरांड्यात खाटेवर पडून असायच्या. भाऊ ड्यूटीवरून आले की विचारायच्या, "सापडली का जी?" भाऊ मान हलवायचे, की त्या म्हणायच्या, "उद्या सापडंन." त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून भाऊ सुट्टीच्या दिवशीही खाणीवर जाऊन उन्हात दगड फोडत बसू लागले. मी एकदा रागावलो, तर म्हणाले, "तिच्या भरोशावर मी येवढं बोललो. ती हाय तोवर तिच्या हातात एक तरी ठेवाची हाय मले."

खाणीवर दगड फोडणारी सुकवारो नावाची छत्तीसगढी बाई होती. भाऊंसाठी वेगळे दिसणारे दगड आणून द्यायची, वहिनींच्या खाटेपाशी बसून चहा प्यायची. होळीच्या सुमाराला मीही भाऊंबरोबर खाणीवर असताना ती एक दगड घेऊन आली. "साहेब, मिल गे." दगडाच्या खाचेत खरंच शिंपली होती, भोवती ताजा चुना लिंपलेला. नदीची साधी शिंपली. पाठीला दगडावर घासून पाडलेलं भोक. कैऱ्या सोलायला आपल्याकडे बायका पाडतात तसं. सुकवारोनं दया येऊन आपली शिंपली चिकटवली, हे मलाही कळलं. भाऊंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि दगड रुमालात गुंडाळला.

संध्याकाळी त्यांनी तो दगड वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी बोटं फिरवली. बोट त्या भोकावर जरा थांबलं.

"सापडली म्हना एकदाची," त्या म्हणाल्या. मग, "कशी मेली असंन जी ही?"

भाऊ खाटेच्या कडेला टेकले. "घरीच. आपल्या मान्साइत."

"बरं झालं. आता उन्हातान्हात शोधत नोका फिरू."

चार-सहा दिवसांनी वहिनी गेल्या.

कैऱ्या बाजारात आल्या तेव्हा भाऊंनी ती शिंपली चुन्यातून हलक्या हातानं सोडवली आणि मला घेऊन खाणीवर गेले. "तेरी सीपी ले, बाई. कैरी के दिन आ गए."

सुकवारोनं हात पुढं केला नाही. "मोर नो हे, साहेब. मोर सीपी तो मोर घर मा हे." तिनं पदर डोळ्यांना लावला. "ये ला बाई दे रिहिस, अपन रंधनी ले. कहिस, पथरा मा चिपका के साहेब ला दे देबे, मोर जाय के पहिली."

म्हणजे दगडात चिकटवायला ती वहिनींनीच दिली होती. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा शिंपला कसा मेला, हे सांगणाऱ्या माणसाला आपल्या स्वयंपाकघरातली शिंपली ओळखता आली नव्हती. दर उन्हाळ्यात वहिनींनी त्याच शिंपलीनं सोललेल्या कैरीचं पन्हं मात्र ते पीत आले होते. भाऊंनी शिंपली खिशात ठेवली. खाणीच्या चढावर ते मध्येच थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले वाटे, मीच तिले फसवून राहिलो."