जुळावं म्हणून

अंधेरीच्या ऑफिसात एक ज्येष्ठ सहकारी माझ्या शेजारच्या टेबलाला बसायचे. समुद्राखालच्या खडकातून तेल कसं सरकतं, त्याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं, हे आमचं काम. विहिरीत मोजलेला जुना दाब आणि गणितातला दाब जुळला, की पुढच्या वर्षांचा अंदाज द्यायचा. नाहीच जुळला, तर खडकाचे आकडे थोडे हलवायचे. सगळेच हलवायचे. ते मात्र प्रत्येक बदल पेन्सिलीने वहीत लिहायचे, कारणासकट. कारण नसेल तिथे सरळ लिहायचे, ‘जुळावं म्हणून.’

एका विहिरीच्या आलेखात माझ्या गणिताची रेघ मोजलेल्या दाबापर्यंत काही केल्या खाली येईना. मी गणितातल्या खडकात तेल अडवणारी एक बंद भिंत घातली. रेघ झकास बसली, साहेब खूश.

प्रिंटआउट बघून त्यांनी सावकाश चष्मा पुसला. “भिंत कुठून आणलीस रे?”

“ती नसेल तर जुळत नाही ना!”

 रिपोर्टमध्ये भिंतीसमोर त्यांनी पेन्सिलीने ते दोन शब्द लिहिले आणि खाली सही केली.

साहेबांनी ते पान पुन्हा टाइप करून घेतलं. नव्या पानावर सही माझ्या एकट्याचीच आहे.